परसाचा ढाळ

लिक्सलिप,
२१ एप्रिल २०२५

माधवीताई,

पत्राचे फोटो बघून दचकू नका. इथे सगळे खुशाल आहेत, माझं डोकं सोडलं तर. फोन केला असता, पण या घरात फोन म्हणजे जाहीर सभा. तो ओट्यावर उभा करायचा, स्पीकर लावायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने मध्ये तोंड घालायचं. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. तुम्हीही तसंच करा, आणि उत्तर माझ्या एकटीच्या नंबरवर पाठवा. 'फॅमिली' ग्रुपवर टाकलंत तर आपलं बोलणं संपलं.

विषय तुमच्या कन्येचा आहे.

तुम्हाला माहीत आहे, दर एप्रिलमध्ये मी नागपूरचं ऊन टाळून निमिषकडे येते आणि आल्या-आल्या परसात मेथी-कोथिंबीर पेरते. तीन महिन्यांत तेवढंच माझं असं काही असतं. यंदा बॅग उघडायच्या आत खिडकीतून पाहिलं, तर मेथीचा वाफा गायब. तिथे खड्डा, आणि खड्ड्यात निहारिका, हातात फावडं. म्हणाली, "आई, आपण पेव्हर घालतोय. स्वतःच!"

स्वतःच म्हणजे कोण? निमिष कॉम्प्युटरच्या चिपांच्या कारखान्यात धूळ लागू नये म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात वावरतो. घरी आला की खडीच्या ढिगावर उभा. निहारिका ब्लँचर्डस्टाउनच्या ऑफिसातून येते, चहासुद्धा न घेता कपडे बदलते आणि माती उपसते. गवंडी बोलवा म्हटलं, तर गवंडी थेट पुढच्या वर्षीची तारीख देतो म्हणे. मग पुढच्या वर्षी करा! फरश्यांवाचून कोणाचा जीव चालला आहे?

बरं, नुसता बसायला चौकोन करावा, तर तेही नाही. स्वयंपाकघराच्या दारापासून परसाच्या पार टोकापर्यंत, जिथे दुपारचं ऊन पडतं आणि बाक आहे, तिथवर फरश्या. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील इतका रुंद रस्ता. कोणाची मिरवणूक निघणार आहे? आणि दाराबाहेरची पायरी, जिच्यावर बसून मी मेथी निवडायची, ती बुजवून जमीन थेट उंबऱ्याला आणून भिडवणार. का, विचारलं. निमिष म्हणाला, "दिसायला बरं, आई." माझा मुलगा खोटं बोलताना कान खाजवतो. खाजवला.

आपली नात पूर्वी मला समजावते, "आजी, इट'ल बी ग्रँड." सात वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र असं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या आयरिश सिस्टर डिम्फ्ना 'ग्रँड' म्हणायच्या, तेव्हा मला वाटायचं काहीतरी भव्य घडलं. इथे त्यांच्या देशात आल्यावर कळलं, ग्रँड म्हणजे चालेल.

मला चालणार नाही. तुमची मुलगी तुमचं ऐकते. तिला सांगा, रस्ता करायचा तर करा, पण माझा वाफा सोडून करा.

सुलेखा


पुणे,
२७ एप्रिल

सुलेखाताई, नमस्कार.

किती वर्षांनी कोणीतरी मला शाईने लिहिलेलं काही पाठवलं! तुमचं अक्षर अजून शाळेतल्यासारखं सरळ रांगेत चालतं. माझं बघा, उतरंडीला लागलंय.

निहारिकाला मी सांगितलं तर ती ऐकेल, असं तुम्हाला कोणी सांगितलं? बारावीनंतर तिने माझं ऐकल्याचं आठवत नाही. शिवाय मुलीच्या संसारात मी कशाला बोलू? माझ्या आईने तर निहारिका होईपर्यंत माझ्या घरी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मी तितकी जुनी नाही, पण थोडी आहेच.

मी यंदा तिकडे येत नाहीये. सोसायटीत पाण्याच्या टाकीचं काम निघालंय, आणि कमिटीत माझ्याशिवाय कोणी जागचं हलत नाही. तब्येत उत्तम. सकाळी बागेत फेऱ्या मारते. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं हे आता माझं मलाही आठवत नाही.

मुलांना करू दे हो. एका वाफ्यापायी एवढं काय? लग्नात तुम्ही वरमाय म्हणून आलात, तेव्हा कार्यालयाच्या फाटकापासून मांडवापर्यंत मी तुमच्यासाठी पायघड्या घातल्या होत्या. पांढरी, कडक इस्त्रीची धोतरं, एकही सुरकुती नाही. तुम्ही त्यांवरून टाचांच्या सँडल घालून टकटक आलात. एका धोतराला भोक पडलं. मी काही बोलले?

तुमची,
माधवी


लिक्सलिप,
१२ मे

माधवीताई,

दहा वर्षांनी भोकाची आठवण देणं म्हणजे न बोलणं, असं पुण्यात मानत असतील. सिस्टर डिम्फ्ना सांगायच्या, चारचौघांत अनवाणी फिरणारी मुलगी हाताबाहेर गेलेली समजावी. मी हाताबाहेर गेले नाही, इतकंच. आणि तुमच्या पायघड्यांवरून चालताना मला शरमच वाटत होती. मुलगा जन्माला घातला म्हणून माझे पाय जमिनीला लागू नयेत, हे काय? पण तुम्ही इतक्या हौसेने उभ्या होतात की बोलवेना.

असो. तुम्ही मुलीला आवरलं नाहीत, तेव्हा मलाच लक्ष घालावं लागलं. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं माणसं कामाला लावली, तशीच दोन इथे लावली. वाफा गेला तो गेला. निदान काम तरी धड व्हावं.

आधी खडीचा थर, मग भाड्याने आणलेल्या यंत्राने ती ठोकायची. ते यंत्र सुरू झालं की घरातल्या कपबशा नाचतात. त्यावर वाळू-सिमेंटचा कोरडा माल पसरायचा, फरशी ठेवायची, रबरी हातोड्याने बेताने ठोकायची, पाणसळ लावून बुडबुडा बघायचा. निमिषला ठोकायचा अंदाज नाही. एकतर कुरवाळतो नाहीतर फोडतो. शेवटी हातोडा मी घेतला. गुडघ्यांखाली उशी घेऊन बसले आणि दोन ओळी स्वतः बसवल्या. त्या सरळ आहेत. इतरांबद्दल बोलत नाही.

आता भांडण ऐका. निहारिका म्हणत होती, फरश्यांचा ढाळ घरापासून लांब, गवताकडे द्यायचा. मी म्हटलं, अगं, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून चांगली मोरी आहे, सिंकचं पाणी जातं ती. तिच्यावर जाळी आहे. ती सोडून पाणी गवतात सोडायचं आणि चिखल करायचा? आपल्याकडे न्हाणी असो, गच्ची असो, अंगण असो, ढाळ मोरीकडेच असतो. पाणी मोरीकडे जातं, मोरी पाण्याकडे येत नाही. ती फोनवरचे व्हिडिओ दाखवायला लागली. कुठला तरी दाढीवाला टोपी घालून सांगत होता. मी म्हटलं, हा माणूस कधी न्हाणी धुतलेला दिसत नाही.

शनिवारी तिला ऑफिसात जावं लागलं. निमिषने आईकडे बघितलं, दाढीवाल्याकडे बघितलं, आणि आईचं ऐकलं. संध्याकाळपर्यंत दारासमोरचा सगळा भाग झाला. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, सुरेख वळण घेत मोरीत गेलं. निहारिका आली, बघितलं, आणि काहीच बोलली नाही. म्हणजे पटलं.

सुलेखा


पुणे,
१५ मे

सुलेखाताई,

ढाळ घराकडे? आणि पायरी काढल्यावर? तिथला पाऊस आपल्या पावसासारखा येऊन जात नाही हो, राहायला येतो. निहारिकाला एकदा नीट विचारा. ती बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असं समजू नका. तिच्या वडिलांसारखी आहे ती.

माधवी


लिक्सलिप,
२६ मे

माधवीताई,

पाणी मी सांगितलं तिकडेच आलं. फक्त मोरीपाशी थांबलं नाही.

काल रविवारी सकाळपासून पाऊस. जोराचा नाही, पण न थांबणारा. दुपारी वारा सुटला, शेजारच्या झाडाची पानं मोरीच्या जाळीवर चिकटली, आणि परसभर पडलेलं पाणी माझ्या सुरेख वळणाने येऊन दारापाशी साठलं. पायरी होती तेव्हा ते पायरीशी अडलं असतं. आता उंबरा आणि फरशी एका पातळीवर. पाणी सरळ आत शिरलं. जमीन लाकडी फळ्यांची. जेवणाच्या टेबलापर्यंत फळ्या फुगल्या आहेत. पूर्वी म्हणाली, "आजी, द रिव्हर केम फॉर डिनर." एरवी हसले असते.

आपल्याकडे घर चांगलं हातभर जोत्यावर उभं असतं. अंगणात कितीही पाणी साचलं तरी घराला त्याचं काही नाही. इथे घर जमिनीवर नुसतं ठेवल्यासारखं आहे. हे मला कळायला हवं होतं. चूक माझी. एकदा लिहिलं आहे, पुन्हा लिहायला लावू नका.

पण पत्र त्यासाठी नाही. निहारिका गुडघ्यांवर बसून टॉवेलांनी पाणी टिपत होती. मी दुसऱ्या बाजूने टिपत होते. निमिष दोघींच्या मध्ये बादली घेऊन उभा. मी म्हटलं, "निहारिका, होईल नीट, एवढं तोंड पाडायला काय झालं? फरश्याच आहेत." त्यावर तिने टॉवेल पिळला आणि शांतपणे म्हणाली, "आई, मग आता माझ्या आईला तुम्हीच सांगा, येऊ नकोस म्हणून."

नंतर ती वर निघून गेली. निमिषला विचारलं, तर त्याचा हात कानाकडे गेला. मी म्हटलं, खबरदार. तर म्हणतो, "मी शब्द दिलाय, आई."

कोणाला शब्द दिलाय? तुम्ही तर येणारच नव्हता. टाकीचं काम होतं ना? या घरात सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि मला नाही. माधवीताई, मला अशा जागी उभं केलेलं खपत नाही. सरळ लिहा.

सुलेखा


पुणे,
३० मे

सुलेखाताई,

सरळ लिहिते.

टाकीचं काम वगैरे काही नाही. बागेतल्या फेऱ्याही नाहीत. ऑपरेशननंतर खुबा नीट बसलाच नाही. दीड वर्ष झालं, मी वॉकरशिवाय चालू शकत नाही. व्हिडिओ कॉलला मी आधीच खुर्चीत येऊन बसते आणि वॉकर पडद्यामागे सरकवते. तुम्ही एकदा विचारलंत, पडदा का हलतोय. वारा आहे म्हणाले.

गेल्या जुलैत, तुम्ही परत गेल्यावर, मी लिक्सलिपला आले होते. सगळे दिवस काचेच्या दाराच्या आत बसून काढले. बाहेर पायरी, पुढे ओलं गवत. वॉकरचे पाय त्यात रुततात. एकदा निहारिका वर होती आणि पूर्वी परसात पळताना पडली. गुडघा फुटला, रक्त आलं. "आज्जी" म्हणून रडत होती, आणि मी दार उघडून उंबऱ्यात उभी. चार पावलांवर पोर, आणि मला पायरी उतरता येईना. शेवटी तीच लंगडत माझ्याकडे आली आणि मलाच म्हणाली, "डोंट क्राय."

तेव्हाच ठरवलं, आता पुन्हा जायचं नाही. निहारिकाला तसं सांगितलं. तिने वाद घातला नाही. व्हिसासाठी माझ्याकडून कागद मागवून घेतले, आणि तुमचा वाफा खणला.

तुम्हाला सांगू नका, असा शब्द मीच दोघांकडून घेतला. तुमच्या जिभेची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? आणि त्याहून जास्त लाज. मुलीच्या सासरी परस खणलं जावं, जावयाने सुट्टीच्या दिवशी खडी वाहावी, ती माझ्या पायांसाठी! हे आमच्या आईने ऐकलं असतं तर तिने जेवण सोडलं असतं.

आता पाणी घरात शिरलं. तुमच्या मुलाचं घर खराब झालं. मी यावं की नाही, त्याचं ते उत्तर समजते. व्हिसा आलाय, तो कपाटात राहू दे. फरश्या काढून टाका, पायरी परत बांधून घ्या आणि मेथी लावा. मी निहारिकाला समजावते.

माधवी


लिक्सलिप,
१४ जून

माधवीताई,

उत्तराला पंधरा दिवस लावले, कारण आम्ही कामात होतो.

तुमचं पत्र वाचून मला जितका राग आला, तितका पाणी घरात शिरल्यावरही आला नव्हता. माझ्या जिभेला घाबरलात? मी काय बोलले असते? फार तर म्हटलं असतं, पुण्यातल्या डॉक्टरांपेक्षा नागपूरला आला असता तर बरं झालं असतं. तेवढं ऐकून घ्यायचं होतं!

आणि 'मुलीच्या सासरी' म्हणजे कुठे? या घराच्या दारावर दोन नावं आहेत, निमिषचं आणि निहारिकाचं. माझं नाही. विमानतळावर जो साहेब माझ्या पासपोर्टवर तीन महिन्यांचा शिक्का मारतो, तोच तुमच्या पासपोर्टवर मारेल. वरमाय म्हणून चार दिवस जास्त देत नाही. इथे आपण दोघी पाहुण्या आहोत. मी परसाला 'माझं' म्हणत होते, ते जरा जास्तच झालं होतं.

पत्र वाचलं आणि खाली जाऊन निहारिकाला सांगितलं की तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. हे इंग्रजीत सांगितलं. मराठीत जड जात होतं. ती म्हणाली, "आई, इंग्रजीत चालेल."

मग सगळं उचकटलं. मी बसवलेल्या दोन ओळीसुद्धा. त्या सरळ होत्या, पण चुकीच्या दिशेला सरळ. या वेळी निहारिकाने दोरी बांधली आणि आम्ही तिच्या हाताखाली काम केलं. ढाळ घरापासून लांब, गवताकडे. दारासमोर उंबऱ्याला लागून लोखंडी जाळीची पन्हळ बसवली. जे काही पाणी दाराकडे येईल ते तिच्यात पडून बाजूला जातं. दार सोडून बाकी भिंतीलगत फरश्या काढून खडीचा पट्टा ठेवला, फरश्या भिंतीला टेकतच नाहीत. दाढीवाल्याने हेच सांगितलं होतं. त्याच्याबद्दल मी काही बोलले असेन तर मागे घेते.

मागच्या आठवड्यात तीन दिवस पाऊस लागला. मी दाराशी खुर्ची टाकून बसले. आत थेंब आला नाही.

तेवढ्यावर विश्वास ठेवणारी मी नाही. शेजारच्या मिसेस कीनन वॉकर वापरतात. त्यांचा मागून आणला. "यू'र नॉट फेलिंग, सुलेखा?" त्यांनी काळजीने विचारलं, म्हणजे तब्येत ढासळली का. म्हटलं, मला काय होतंय, माझी विहीण यायची आहे. वॉकर धरून मी दारापासून बाकापर्यंत गेले आणि परत आले. सहाव्या ओळीत एका फरशीची कड वर होती, पुढचं चाक अडलं. निमिषला ती उचलायला लावली. म्हणाला, "आई, नखाएवढा फरक आहे." मी म्हटलं, तुझ्या सासूच्या खुब्याला विचार. पुन्हा बसवली, पुन्हा चालून पाहिलं. आता चाक अडत नाही. मग पूर्वीने तो वॉकर दोनदा पळवत नेला आणि मिसेस कीनन यांच्या कुत्र्याला त्यावर बसवलं, ते वेगळं.

मेथी मी बाकाशेजारी दोन मोठ्या टबांत पेरली आहे. बसल्या जागी हाताला येते, वाकावं लागत नाही. उगवली आहे.

माझं परतीचं विमान पाच जुलैला आहे. तुम्ही मी गेल्यावर यायचं नाही, आधी यायचं. व्हिसा कपाटातून काढा. विमानतळावर चाकाची खुर्ची सांगा आणि तिच्यात ताठ बसा, पडदा शोधू नका. घरी आलात की समोरच्या दाराने स्वयंपाकघरात या, मागचं दार मी उघडून ठेवीन. पूर्वी बाकावर असेल.

तुम्ही माझ्या वाटेवर एकदा पायघड्या घातल्या होत्या. या तुमच्या वाटेवर. इस्त्री केलेली नाही, पण टाचांनी भोक पडत नाही.

सुलेखा


पुणे,
१७ जून

सुलेखाताई,

पंचवीस तारखेचं तिकीट काढलं. चाकाची खुर्ची सांगितली आहे. निहारिकाला फोन केला, तर ती बराच वेळ काही बोलली नाही. तुम्हाला आता माहीतच आहे, त्याचा अर्थ दर वेळी पटलं असा नसतो. या वेळी तो होता.

मेथी मात्र मी निवडणार. तुम्ही देठं फार ठेवता, हे मी दहा वर्षं मनात ठेवलंय.

आणि मी काही तुमच्यासारखी टकटक यायची नाही. दारातच चपला काढीन. फरश्या गार असल्या तर निहारिकाचे लोकरीचे मोजे घालीन, तेवढं तुमच्या सिस्टरना चालेल का?

तुमची विहीण,
माधवी